बर्फानं आणून ठेवलेली माती

अमेरिकेत उन्हाळाभर राहून आले. तिथं काय पाहिलं असं कोणी विचारलं, की मी एका शेतातला खड्डा सांगते. विचारणारा जरा गोंधळतो. त्याला धबधबे, उंच इमारती, निदान एखादा पूल तरी हवा असतो. तेही थोडंफार पाहिलं. पण डोळे मिटल्यावर येतो तो कमरेइतका खोल खड्डा. त्याची एक भिंत उन्हात, वरून काळी आणि खाली पिवळट. काठावर गुडघे टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ आणि मागं क्षितिजापर्यंत हलक्या लाटांसारखी जमीन. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी वर-खाली होणारी.

माझी सगळी नोकरी परभणीला माती परीक्षण प्रयोगशाळेत गेली. शेतकरी कापडी पिशवीत माती घेऊन यायचे, आम्ही ती वाळवायचो, कुटायचो, चाळायचो. निवृत्त झाल्यावर हाताला माती लागेनाशी झाली, याचं वाईट वाटेल असं काही वाटलं नव्हतं. ते कळलं मिनेसोटाला गेल्यावर.

ईडन प्रेरी

माझा मुलगा अनिकेत आणि सून केतकी मिनियापोलिसच्या शेजारी ईडन प्रेरीत राहतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. २००६ सालच्या एप्रिलच्या अखेरीस मी पोचले तेव्हा झाडांना पानं नव्हती आणि मी घरातही शाल घेऊन बसायची. दोघं सकाळी ऑफिसला गेली की घर इतकं शांत व्हायचं, की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची. बाहेर जावं तर सगळीकडं हिरवळ आणि सिमेंट. एवढ्या मोठ्या गावात मातीचा एक उघडा तुकडा दिसेना.

तो सापडला घरामागच्या रस्त्याला. तिथं नवी घरं बांधायची होती म्हणून वरची माती खरवडून तिचा मोठा ढीग लावला होता. काळाभोर. आपली कापसाची काळी असते ना, तसाच रंग. मी न राहवून मूठभर उचलली, बाटलीतलं पाणी शिंपडून मळली आणि अंगठ्यानं तिची पट्टी काढायला गेले. आपल्या काळ्या मातीची पट्टी बोटाबाहेर लांब लोंबते. ही जरा पुढं सरकली आणि तुटली. हाताला चिकटलीही नाही. अंगठा फिरवला तर बारीक वाळू करकरली, आणि वाळूच्या मध्ये पिठासारखं काहीतरी मऊ. अस्सल पोयटा. पण पोयटा आपल्याकडं नदीकाठी असतो, इथं तर आसपास नदी नव्हती.

केतकीनं गाडीतून मला असं रस्त्याच्या कडेला हात बरबटून उभं असलेलं पाहिलं. ऑफिसात तिनं ही गोष्ट शेरिल नावाच्या मैत्रिणीला सांगितली. शेरिल म्हणाली, माझे वडील अगदी असंच करतात. तिचे आईवडील तिथून अडीच-तीन तासांवर, नैर्ऋत्येला शेतावर राहत होते. वडिलांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन आदल्या वर्षी झालेलं, आणि पेरणी करायचं हे त्यांचं शेवटचंच वर्ष, असं घरात ठरलेलं. शेरिलच्या आईला सोबत हवी होती, म्हणून मी थोडे दिवस तिकडं जाऊन राहावं असं दोघी मैत्रिणींनी ठरवलं.

"आई, तुम्हाला बोअर होणार असेल तर सांगा, मी कॅन्सल करते," केतकी म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. त्यात बेसन, मोहरी आणि हिंगाची डबी टाकली.

हार्लन आणि लॉरेनचं घर

हार्लन म्हणजे शेरिलचे वडील. उंच, वाकलेले, डोक्यावर सदैव टोपी, आणि बोलणं असं की दोन वाक्यांच्या मध्ये आपण चहा करून यावा. लॉरेन त्यांची बायको. ती त्यांची उरलेली वाक्यं पूर्ण करायची. दोघंही मला पहिल्या मिनिटापासून नुसतं "सूमन" म्हणू लागले. माझ्या नावामागं ताई, बाई, मॅडम, काकू, आई असं काहीतरी इतकी वर्षं चिकटलेलं, की नुसतं नाव ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

पहिल्या रात्री जेवणात बटाट्याचा भाजून केलेला प्रकार होता आणि त्यात मांस नाही, हे लॉरेननं मला तीनदा सांगितलं. नंतर रुबार्ब नावाच्या लालसर देठांचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' नावाचा प्रकार. त्याची चव थेट आपल्या अंबाडीची, फक्त साखरेत बुडवलेली. दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं. फोडणीच्या वासानं हार्लन बाहेरून आत आले, कढईत डोकावले आणि परत गेले. पण ताटात वाढलं तेव्हा त्यांनी पावाला लावून सगळं संपवलं. बोलले काहीच नाहीत. लॉरेन म्हणाली, ही त्यांची पसंतीची पद्धत.

मला वरच्या मजल्यावरची शेरिलची जुनी खोली दिली होती. खिडकीतून सकाळी धुकं दिसायचं. त्या धुक्यात शेताचे उंचवटे तेवढे वर आलेले, बेटांसारखे, आणि मधले खोलगट भाग पांढऱ्यानं भरलेले. ते पाहताना आपण जमिनीवर आहोत की नाही, अशी शंका यायची. हार्लननं सांगितलं होतं, या सगळ्यावर एके काळी बर्फ होता. डोंगरापेक्षा उंच. तो उत्तरेकडून सरकत आला, वाटेतले खडक दळत, उचलत, आणि मग वितळून गेला. जे पोटात होतं ते इथं टाकून गेला. धुक्याकडं बघत मी अंथरुणात पडून राहायची आणि त्या बर्फाचं ओझं मला छातीवर जाणवायचं. जड, पण भीतीचं नव्हे. गोधडीचं असतं तसं.

दगडांचं पीक

मक्याची पेरणी झाली होती, सोयाबीनची व्हायची होती. त्याआधी दगड वेचायचे असतात. ट्रॅक्टरच्या मागं एक सपाट गाडा, आणि आम्ही तिघं त्याच्या मागंपुढं. हार्लनना उचलायची मनाई होती, म्हणून ते ट्रॅक्टर हाकत आणि बोटानं दाखवत.

मला वाटलं होतं, वर्षानुवर्षं वेचल्यावर शेत स्वच्छ झालेलं असेल. लॉरेन हसली. हिवाळ्यात जमीन गोठते आणि खालचे दगड दर वर्षी थोडे थोडे वर ढकलले जातात. वसंतात पाहावं तर नवे दगड हजर. त्यांच्याकडं याला पहिलं पीक म्हणतात, न पेरता येणारं.

ते दगड बघून मात्र मी हरखून गेले. आपल्याकडं शेतात एकच दगड, काळा. खालचा खडक झिजून वरची माती झालेली. ती त्या खडकाची लेक, तिथंच जन्मली आणि तिथंच नांदली. इथं एका वाफ्यात गुलाबी दगड, शेजारी पांढरा, मग हिरवट, मग पट्ट्यापट्ट्यांचा. एकाचं एकाशी नातं नाही. कोणी कॅनडातून आलेला, कोणी वाटेत चढलेला. नदी गाळ आणते तेव्हा सुपात पाखडल्यासारखं निवडून आणते. जड आधी, हलकं नंतर. बर्फाला ही निवड ठाऊक नाही. त्यानं शिळा, गोटे, वाळू, पीठ, चिकणमाती सगळं एकत्र आणलं आणि तसंच ओतलं. म्हणून तर नदी नसताना पोयटा. ईडन प्रेरीतलं माझं कोडं त्या गाड्यामागं चालताना सुटलं.

दुपारी मी हार्लनना म्हटलं, मला खालचं बघायचंय. त्यांनी विचारलं, किती खालचं. मी कमरेला हात लावून दाखवला. त्यांनी फोन करून शेजारच्या शेतावरच्या ट्रॅव्हिसला बोलावलं. हा तिशीतला तरुण पुढच्या वर्षीपासून त्यांची जमीन कसणार होता. त्यानं हसत हसत उतारावर खड्डा खणून दिला.

मी आत उतरले. वरचा हातभर थर काळा आणि भुसभुशीत, मुठीत दाबला तर गोळा होणारा, बोट लावलं तर डाळीच्या दाण्यांसारखा विखुरणारा. त्यात मुळ्याच मुळ्या. हा काळेपणा गवताचा. हजारो वर्षं माणूसभर उंच गवत इथं उगवलं, मेलं आणि मुळांसकट जमिनीत मुरलं. आपली काळी माती दिसते काळी, पण तिच्यात कुजलेला पाला फार थोडा. प्रयोगशाळेत आम्ही ते रोज लिहायचो. तिचा रंग वेगळ्या कारणाचा. दोन बहिणी वाटाव्यात आणि चौकशी केल्यावर नातंच निघू नये, तसं झालं.

काळ्याखाली तपकिरी थर, जरा घट्ट. आणि त्याखाली ते मूळचं, बर्फानं टाकलेलं. पिवळट करडं, खडे रुतलेलं, पांढऱ्या रेघा असलेलं. मी लॉरेनकडं व्हिनेगर मागितलं. चार थेंब टाकले तशी भिंत फसफसली. चुना. आपल्या काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे लागतात, त्यांच्यावर आम्ही आम्ल टाकायचो तेव्हा असाच आवाज यायचा. मी भिंतीला कान लावून तो आवाज ऐकत उभी राहिले. मग हार्लन काठावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनीही कान पुढं केला.

नंतर त्यांनी वरची मूठभर माती घेऊन दाबली, अंगठ्यानं टोचली, ती फुटली, आणि ते म्हणाले, जमीन तयार आहे. त्यांच्या भाषेत त्याला एवढंच म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडंही असंच बघतात, पण आमच्याकडं त्याला शब्द आहे: वाफसा. ना ओली, ना कोरडी, आत हवा खेळती, नांगराला हो म्हणणारी. त्यांनी तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला. "वाप्सा," ते म्हणाले. "तीन दिवस टिकला तर बरं."

टिकला नाही. त्याच रात्री पाऊस आला.

खोलगट

शेताच्या मधोमध एक बशीसारखा खोलगट भाग होता. बर्फाचा एखादा प्रचंड तुकडा मातीत गाडला जायचा आणि फार उशिरा वितळायचा. तिथं खड्डा राहायचा, तळं व्हायचं. असं तळं इथंही होतं. हार्लनच्या वडिलांनी जमिनीखालून भाजलेल्या मातीचे पाइप घालून ते कोरडं केलं आणि तेव्हापासून तिथं मका उभा राहत आला. यंदा कुठंतरी तो पाइप खचला होता. पावसानंतर सकाळी पाहावं तर खोलगटात आभाळ उतरलेलं, आणि त्यावर बदकांची एक जोडी.

लॉरेनला हे तळं ओळखीचं होतं. ती शेजारच्याच शेतावरची मुलगी. लहानपणी हिवाळ्यात हे गोठलं, की पायात स्केट्स, म्हणजे पात्यांचे बूट, घालून ती याच्यावर घसरायला शिकली होती, आणि मग एका उन्हाळ्यात ते नाहीसं झालं. ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करून हे सांगत होती आणि हळू आवाजात म्हणत होती, की आता जमीन दुसऱ्याच्या हाती जायचीच आहे तर हे एवढं पाण्याला परत द्यावं. हार्लन ऐकत नव्हते. वडिलांनी केलेलं काम आपल्या हातून बुडू द्यायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या दोघांचं भांडण म्हणजे आवाज नाहीच. कप जरा जोरानं ठेवला जायचा, दार जरा हळू लावलं जायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना तेवढं पुरत होतं. पण दोघांच्या मध्ये जेवायला बसणं मला अवघड झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भांडी आवरत होतो. लॉरेन खिडकीशी थांबली. खोलगटाच्या कडेला हार्लनची टोपी दिसत होती. तिनं एक ताटली पुसली, पुन्हा पाहिलं. टोपी तिथंच होती. तिनं ताटली खाली ठेवली आणि ती धावतच सुटली. मी तिच्या मागं.

ते लोखंडी सळई घेऊन पाइप शोधायला गेले होते. जिथं पाइप खचला होता तिथंच वरची माती पाण्यानं पातळ झालेली. दोन्ही पाय मांडीपर्यंत आत गेलेले. सळईवर भार टाकून ते उभे होते. चेहरा राखेसारखा. थंड पाण्यात किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना. ते म्हणाले, मी ठीक आहे, आणि त्यांचे दात वाजत होते.

लॉरेन सरळ आत शिरायला निघाली. मी तिचा दंड धरला. मला आयुष्यात दुसरं काही नाही तरी चिखल कळतो. पावसाळ्यात नमुने घ्यायला गेलेल्या माझ्यासारख्या बाईला आपल्या काळ्या रानानं किती वेळा धरून ठेवलंय. ओढाल तितकं ते आत ओढतं. मी तिला दगडांच्या गाड्यावरच्या फळ्या आणायला पाठवलं. दोन फळ्या टाकून मी पोटावर आडवी झाले आणि सरकत त्यांच्यापर्यंत गेले.

"पाय उचलू नका," मी म्हटलं. "बूट तिथंच राहू द्या. बुटातून पाय सोडवा. हळू. आधी टाच."

माझं इंग्रजी त्या क्षणी कुठून आलं कोण जाणे, बहुधा अर्धं मराठीच असेल. मी बुटाच्या कडेनं हात खुपसून पाणी आत शिरू दिलं. चिखलानं एकदा मोठा श्वास सोडला आणि एक पाय सुटला. मग फळीवर बसवून दुसरा. मोज्यांवर ते फळीवरून रांगत बाहेर आले. लॉरेननं स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्या छातीभोवती गुंडाळला, आणि आम्ही तिघं गवतावर तशीच बसलो. पाण्यावरची बदकं लांब जाऊन पुन्हा जवळ आली होती. ऊन होतं. मला ते सगळं काचेपलीकडं घडतंय असं वाटत होतं.

मग लॉरेन बोलली. "दुरुस्त करून घे. माणूस बोलाव, मशीन बोलाव. मला तळं नको. तू आत जाऊ नकोस."

हार्लननं चिखलानं माखलेला एक मोजा ओढून काढला.

"मी दुरुस्त करायला गेलोच नव्हतो," ते म्हणाले. "बाबांनी पाइप कुठून नेला होता ते बघायचं होतं. त्यांनी सगळं फावड्यानं खणलं होतं. मी पाइप हातात देत होतो. एकदा ती ओळ सापडली असती, म्हणजे मग..." आणि नेहमीसारखे थांबले.

ते वाक्य लॉरेननं पूर्ण केलं नाही. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"मग पाण्याला सोडून देता आली असती," त्यांनीच म्हटलं.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, ऊब दिली, दोन दिवस पडून राहायला सांगितलं. सोयाबीन ट्रॅव्हिसनं पेरलं, खोलगट सोडून. रविवारी केतकी मला न्यायला आली, तेव्हा हार्लन बाहेर खुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते. केतकी त्यांना "हाय अंकल" म्हणाली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, खाली वाकून तिनं त्यांना नमस्कार केला. त्यांना याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी उठून तिच्या डोक्यावर हात मात्र बरोबर ठेवला.

ऑक्टोबर

परतीच्या विमानाआधीच्या शनिवारी आम्ही तिघं पुन्हा गेलो. अनिकेत ड्राइव्ह करत होता. शेतं आता पिवळी, कागदासारखी वाजणारी. सोयाबीनची कापणी चालू होती आणि हवेत सोनेरी धूळ तरंगत होती, उतरायचं विसरल्यासारखी.

लॉरेन मला हात धरून खोलगटाकडं घेऊन गेली. पाणी उन्हाळ्यात आटून गेलं होतं, थोडं मध्ये उरलेलं. पण काठानं उंच लव्हाळे उभे होते, आणि बाणासारख्या पानांची एक वनस्पती, शेंड्यावर बियांचे गोळे धरलेली. हे कोणी लावलं, मी विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही. तळं कोरडं केलं तेव्हाचं बी खाली होतं. इतकी वर्षं त्याच्यावर मका आला, नांगर फिरला, ते झोपून होतं. पाणी आलं आणि उठलं.

माझा विश्वास बसायला वेळ लागला. मातीच्या एवढ्या पिशव्या मी कुटल्या आणि चाळल्या, पण त्यांच्यात कोणी झोपलेलं असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. मी तिथं खाली बसले आणि चिखलावर नुसता हात ठेवला.

इतक्यात कापणीचं यंत्र आमच्या बाजूला वळलं. ते ट्रॅव्हिस चालवत होता. शेंगा झोडताना पुढं इतकी धूळ उडते, की चालवणाऱ्याला खोलगटाची कड नीट दिसत नाही. हार्लन काठी टेकत आले आणि काठावर, लव्हाळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. यंत्र घरासारखं प्रचंड होत त्यांच्या अंगावर येत होतं. अनिकेत म्हणाला, "अरे, हे बाजूला का होत नाहीत?" लॉरेन हलली नाही, म्हणून आम्हीही हललो नाही.

हार्लननं एक हात वर केला. यंत्र हळू झालं, आणि त्यांच्यापासून दोन ओळी राखून वळलं. ते हात तसाच धरून काठाकाठानं चालत राहिले, तळ्याला सबंध वळसा घालत, आणि यंत्र त्यांच्या बाजूनं, एखादं मोठं जनावर धन्याशेजारून चालावं तसं. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी उभे राहिलेले शेतकरी मी खूप पाहिलेत. जमीन सोडण्यासाठी असा उभा राहिलेला हा पहिलाच.

वळसा पुरा झाला तेव्हा ते आमच्यापाशी आले. धुळीनं माखलेले, धापा टाकत. लॉरेननं रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि म्हणाले, "हिवाळ्यात बर्फ जाड धरेल. तुझे स्केट्स अजून आहेत का गं?"